आपल्या घरचे शेवटी

चोवीस वर्षे सैन्याच्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून वावरलेल्या बाईला फ्लू ओळखता आला नाही, असे मी लिहिले तर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. मी तो पहिल्याच सकाळी ओळखला होता. दिवाळी सरून आठवडा झाला होता. अंगणातला पारिजातकाचा सडा वेचायला वाकले आणि लक्षात आले की फुलांना वासच नाही. देठांचा केशरी तोच, पाकळ्यांवरची ओल तीच. सुगंध तेवढा कुणी पुसून नेला होता. मग पाठीच्या कण्यातून थंडीची एक बारीक तार वर सरकली, डोळ्यांच्या खोबणी ठणकू लागल्या, आणि बोटांना फुलेही खरखरीत वाटली.

मी ओंजळ रिकामी केली, आत जाऊन तापाची गोळी घेतली आणि चहा टाकला. दोघांचा.

पुढचे चार दिवस मी कुणाला काही सांगितले नाही. सैन्यात आजारी माणूस रोज सकाळी 'सिक रिपोर्ट'ला नाव देतो. जवानांनी ते दिले तर आम्ही त्यांना मायेने तपासत असू; पण आम्हा परिचारिकांपैकी कुणी आपले नाव त्या यादीत घातले, तर ते कमीपणाचे मानले जाई. निवृत्तीला इतकी वर्षे झाली, तरी ती यादी माझ्या मनातून गेली नव्हती.

"मेजर, तुझा आवाज बसलाय," माधवराव म्हणाले. माझे यजमान. मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण घरात मला माझ्या हुद्द्याने हाक मारण्याची त्यांची जुनी खोड आहे.

"फराळाच्या तळणीनं घसा धरलाय. तुम्ही जरा लांब बसा."

"तळणीची लागण होते होय? कपाळ बघू इकडे."

"राहू द्या हो."

त्यांनी तरीही हात लावला. त्यांच्या तळहाताचा गारवा मला अजून आठवतो. खडूच्या धुळीने दमा जडलेल्या त्या माणसाने माझ्या उशाशी बसून वाफेचे भांडे धरले, आणि मी ते धरू दिले.

*

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याचा काठ हातातून निसटला. नंतरचे मला तुकड्यांनी आठवते: फरशीचा थंड स्पर्श गालाला, शेजाऱ्यांच्या गाडीतला अगरबत्तीचा न येणारा वास, आणि रुग्णालयाच्या दारातला तो प्रकाश, ज्यात सगळ्यांचेच चेहरे आजारी दिसतात.

तरुण डॉक्टरने नाकातला नमुना घेतला, छातीचा एक्स-रे काढून आणला आणि तो उजेडासमोर धरला. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरे धुके उतरले होते. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या छातीतले असे धुके पाहिले आहे; आपल्या छातीतले पाहताना क्षणभर वाटते की फोटो दुसऱ्याच कुणाचा असावा.

"फ्लू आहे काकू, आणि त्यावर न्यूमोनिया. यंदा फ्लूची लस घेतली होती?"

मी मान हलवली. नाही.

"आणि काकांनी? त्यांना दमा आहे म्हणालात."

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात माधवराव म्हणाले, "नाही हो. आमच्याकडे ती माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये मिळते, पण यंदाचा पुढचा साठा आलाच नाही. आम्ही वाट पाहत होतो."

ते इतके सरळपणे बोलले की डॉक्टरने मान डोलावून पुढचा कागद उलटला.

साठा आला होता. माझ्या आजाराचे नाव मला त्या दिवशी कळले, असे लोक म्हणतात. मला त्या दिवशी कळले ते वेगळेच होते.

*

मागे जाऊन सांगायला हवे.

सैन्यात 'बडा खाना' असतो, म्हणजे साऱ्या युनिटचे एकत्र जेवण. त्या दिवशी अधिकारी आधी जेवत नाहीत. हातात वाढणी घेऊन ते जवानांच्या पंगतीतून फिरतात, आणि सगळ्यांची पोटे भरल्यावर उरेल ते आपल्या ताटात घेतात. नवी लेफ्टनंट असताना मी पहिल्यांदा डाळीची बादली घेऊन अशी फिरले होते. कडीने बोटांना वळ पडले होते आणि त्या वळांचा मला अभिमान वाटला होता. आधी जवान, मग आपण, सर्वांत शेवटी आपले घर: हा क्रम मी त्या दिवशी जो उचलला, तो पेन्शनीवर आल्यावरही खाली ठेवला नाही.

दरवर्षी पाऊस ओसरू लागला की छावणीतल्या आमच्या पॉलिक्लिनिकमध्ये फ्लूच्या लशीचे शिबिर असते. मी तिथे मदतीला जाते. स्पिरिटचा वास, पितळी बटणांचे ठेवणीतले कोट, त्यांना येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि न सांगता बाही वर करून समोर पाहत बसणारी म्हातारी माणसे. तो दिवस मला सणासारखा वाटे.

"म्याडम, टोचली का नुसतंच भ्या दाखवलं?"

"टोचली. उठा आता."

"त्याला काय लागतंय म्याडम," मागून कुणी म्हणाले, "घरी बायकोचं ऐकून ऐकून कातडं निबर झालंय त्याचं!"

त्या वर्षी माधवराव सकाळपासून बाकावर बसले होते. नंबराची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात, वर्तमानपत्र मांडीवर. दुपारी त्यांनी हळूच आठवण केली, "मेजर, माझा नंबर कधीच होऊन गेला."

"आपल्या घरचे शेवटी."

"मग चूकच झाली माझी. नवरा व्हायच्या ऐवजी हवालदार व्हायला हवं होतं," असे म्हणून ते हसले आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

साडेतीनच्या सुमारास एकच लस उरली. तेवढ्यात गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्याहून एक वृद्ध हवालदार धापा टाकत आले. "एष्टी चुकली म्याडम. लई लांबून आलोय. संपलं म्हंजी परत एक दिस मोडंल माझा."

मी माधवरावांपाशी गेले, त्यांच्या खिशातली चिठ्ठी काढली आणि हवालदारांच्या हातात दिली. विचारले नाही. माधवरावांनी रिकामा खिसा तळव्याने उगाच सारखा केला.

त्या हवालदारांना लस दिल्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. तसा प्रसंग पुन्हा आला तर पुन्हा तेच करीन. फक्त चिठ्ठी मागून घेईन, काढून घेणार नाही.

पश्चात्ताप आहे तो आठ दिवसांनंतरच्या एका फोनचा. पॉलिक्लिनिकमधले नर्सिंग असिस्टंट साळवे स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले, शब्दाला जपणारे गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, नवा साठा आलाय. सरांची आणि तुमची, दोन बाजूला काढून ठेवल्यात. उद्या सरांना घेऊन या."

'बाजूला काढून' हे शब्द मला झोंबले. "साळवे, माझ्यासाठी काही बाजूला काढायला कुणी सांगितलं तुम्हाला? दारात जो येईल त्याला द्या."

"सरांना दमा आहे मॅडम, म्हणून म्हटलं."

"दमा शहरात आणखी कुणाला नाही का?"

"जशी आपली इच्छा," ते म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा मला स्वतःविषयी फार बरे वाटत होते. हे लिहिणे जड जाते, पण तसेच वाटत होते. आतल्या खोलीतून माधवरावांनी विचारले, "साळव्यांचा होता ना? आली का लस?"

"अजून नाही," मी म्हणाले.

खरे सांगितले असते तर ते दुसऱ्या दिवशी सदरा घालून तयार बसले असते, आणि मला माझ्याच शब्दांवरून मागे फिरून त्या दोन कुप्यांपाशी जावे लागले असते. तेवढे टाळण्यासाठी मी ते बोलले. नवरात्रात त्यांनी पुन्हा विचारले, मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू म्हणतायत." दिवाळीआधी तिसऱ्यांदा विचारले. तोवर पहिल्या खोट्याला वाचवणे हेच माझे काम झाले होते. औरंगपुऱ्यातल्या औषधांच्या दुकानातून लस आणून घरीच टोचावी, म्हणजे सारे झाकले जाईल, असेही ठरवले होते. मग फराळ आला, पाहुणे आले. ठरवलेले राहून गेले.

*

रुग्णालयातले दिवस यंत्रांच्या आवाजांवर मोजले जातात. सकाळी सहाला चाकांची गाडी, सातला फिनेलचे फडके, आठला डॉक्टरांच्या बुटांची घाई. नाकातला प्राणवायू कोरडा असतो. घशाला वाळू लागल्यासारखी वाटते. सारा जन्म मी अशा खाटांच्या उभ्या बाजूला काढला. आडव्या बाजूने जग निराळे दिसते: छतावरचे ओलीचे डाग, आणि आपल्याविषयी आपल्याच डोक्यावरून बोलणारी माणसे.

मी तिथेही सूचना देत असे. सलाईनचा वेग, चादरीची घडी. शेवटी झाडू मारणाऱ्या मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, नर्स व्हता नं तुम्ही? मग आता गप पडा की. लई हुकूम सोडता!"

त्याच मावशींनी दुपारी हंगामातले शेवटचे सीताफळ आणले, बिया काढून एकेक पाकळी चमच्याने मला भरवली. वास नव्हता, चव अर्धी होती. पण जिभेवर ती रवाळ गोडी विरघळली आणि मला रडू आले. इतक्या सहज कुणी माझ्यासाठी काही बाजूला ठेवले होते, आणि मी ते घेतले होते.

तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी माधवराव आले नाहीत. आली ती मुग्धा, आमची मुलगी, पुण्याहून. तोंडावर मास्क, डोळे सुजलेले.

"बाबा कुठे आहेत?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"खालच्या मजल्यावर, आई. काल त्यांना दाखल केलं. आज अतिदक्षता विभागात हलवलं."

त्यांना कुणाकडून लागण झाली, हे विचारण्याची गरज नव्हती.

पुढचे सहा दिवस आम्ही एकाच इमारतीत, एकाच्या वर एक, असे श्वास घेत होतो. मी नळीने, ते यंत्राने. मला खाली जाऊ देत नव्हते. मी कुशीवर वळून गादीच्या कडेला कान लावत असे, जणू मजल्यांमधून त्यांची धाप ऐकू येईल. गादीतून ऐकू येत असे ते माझेच रक्त.

त्यातल्या चौथ्या दिवशी साळवे भेटून गेले. ते गेल्यावर मुग्धा खुर्ची ओढून जवळ बसली. "साळवेकाका रडत होते. म्हणाले, मी दोन लशी ठेवल्या होत्या, मॅडमनी नको म्हटलं. खरं आहे?"

"हो."

"बाबा तर सगळ्यांना सांगत होते की आलीच नाही म्हणून."

"मीच तसं सांगितलं त्यांना."

बाहेर कुणाची तरी गाडी खडखडत गेली. ती म्हणाली, "मला गोवर आला तेव्हा तू आसामात होतीस. बाबांनी केलं सगळं. मी कधी तक्रार केली नाही, कारण तेव्हा तुला हुकूम होता. आता कुणाचा हुकूम होता, आई?"

ती उठली, माझी चादर नीट केली आणि म्हणाली, "मी त्यांना सांगणार नाही. ते तू सांगायचंस. ते वाचले तर."

*

ते वाचले. माझ्यानंतर दोन आठवड्यांनी घरी आले, सोबत प्राणवायूचे यंत्र घेऊन. ते खोलीच्या कोपऱ्यात दिवसभर घुमत असे.

डॉक्टर प्रामाणिक होते. "लस घेतली असती तर ताप आलाच नसता, असं मी सांगू शकत नाही. पण इतकं वाढलं नसतं, बहुधा." तो 'बहुधा' मी घरी घेऊन आले. तो नसता तर मला शिक्षा पुरती मिळाली असती किंवा सुटका तरी. तो मधेच उभा राहतो.

माझे वडील पैठणला शाळेत शिकवत. गोदावरीच्या घाटावर टाळ्या देत त्यांनी मला वृत्ते शिकवली, आणि मराठीच्या शिक्षकाशी लग्न ठरले तेव्हा जावयाची परीक्षाही वृत्तांतच घेतली. माधवराव रोज सकाळी एखादी कविता मोठ्याने म्हणत. मंदाक्रांता त्यांची लाडकी: चार अक्षरे, किंचित विसावा, मग सहा, पुन्हा विसावा, मग सात. श्वास कुठे घ्यायचा ते त्या वृत्तातच ठरलेले असते. घरी आल्यावर दहाव्या दिवशी त्यांनी एक ओळ म्हणून पाहिली. तिसऱ्या अक्षरावरच श्वास तुटला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. मग पुस्तक मिटून ते म्हणाले, "गद्यच बरं आता," आणि माझ्याकडे पाहून हसले. ते हसू मला सहन झाले नाही.

मी त्याच सकाळी सांगितले. ओसरीत थंडीतले कोवळे ऊन होते, त्यांच्या पायांवर शाल होती. काहीही न सजवता सांगितले: साळव्यांचा फोन, दोन कुप्या, माझे उत्तर, माझे खोटे.

ते उन्हाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी दोनदा विचारलं होतं तुला."

"तीनदा."

"तीनदा." त्यांनी मान हलवली. "मी साळव्यांनाच दोष देत होतो. मनातल्या मनात."

"रागावलात?"

"हो." पुढच्या शब्दासाठी त्यांना थांबावे लागले. "आणि तो लगेच जाणार नाही. तू त्याला जायची घाई लावू नकोस."

माफी लगेच मिळाली असती तर मी ती घेतली असती आणि विसरले असते. त्यांनी ती दिली नाही. दोन दिवस आमच्यात औषधांच्या वेळांपलीकडे बोलणे झाले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी साळव्यांना फोन लावून, मनात दोष दिल्याबद्दल त्यांची माफी मागितली. माझ्यासमोर, माझ्याकडे न पाहता.

*

हे मी कशासाठी लिहिते आहे, हे सांगायला हवे. आपण गणवेशातून निवृत्त झालेली माणसे, आणि आपल्याबरोबर आयुष्य काढलेली आपली घरची माणसे: आपल्याला रांगेत उभे करणारा आता कुणी नाही. तिथे हुकूम सुटे, बाही वर होई, नोंद होई. इथे आपल्या पायांनी जावे लागते. शिबिराची चौकशी करा, आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि जाताना घरच्यांना सोबत न्या. दुसऱ्याला आधी देणे चांगलेच आहे. पण जे द्यायचे ते आपले असावे. मी माझी लस दिली नाही. मी त्यांची दिली.

आणि ताप आला तर पहिल्याच सकाळी सांगा. लपवलेल्या तापाला शौर्य म्हणत नाहीत.

मी आता बरी आहे. जिना चढताना उजवीकडे जरासे ओढल्यासारखे होते, इतकेच. पारिजातकाचा वास महिन्याभराने परत आला. माधवरावांचे यंत्र उन्हाळ्यात परत केले, पण गच्चीवर ते आता जात नाहीत, आणि सकाळी घर शांत असते.

यंदाची लस आम्ही दोघांनी घेतली. माझी त्यांच्यानंतर एका दिवसाने; त्यात सांगण्यासारखे काही नाही. त्यांची मात्र सांगायला हवी.

शिबिराला या वर्षी मदतीला येणार नाही, असे मी कळवले होते. पहिल्या दिवशीची गर्दी टाळून दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायचे मी ठरवले होते. पहिल्या दिवशी सकाळी त्यांची औषधे आणायला औरंगपुऱ्यात गेले, आणि परत आले तेव्हा ते ओसरीत बसले होते. बाहेर जायचा सदरा, डावी बाही दुमडलेली, दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला.

"घेतली?"

"हो. रिक्षानं गेलो. साळव्यांना कालच फोन करून ठेवला होता."

"मला सांगायचं ना. मी उद्या नेणारच होते तुम्हाला."

"म्हटलं, आपलं आपणच विचारून घ्यावं."

आवाजात टोमणा नव्हता. राग तर कधीच मावळला होता. त्या रागाशी मी बोलू शकले असते. ते फक्त, आज ऊन आहे, असे म्हणावे तसे बोलले. त्यांनी मला विचारायचे सोडून दिले होते.

पिशवी खाली ठेवून मी त्यांच्याजवळ बसले. "दुखतंय?"

"थोडंसं."

बोळ्याभोवतीची कातडी कोमट झाली होती. मी तिथे हलकेच तळवा ठेवला. त्यांनी हात काढून घेतला नाही. समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले.